चिखलातली काकडी

रोवणीच्या दिवसांत बांधीत पाय रुतला की टाचेजवळून दोन-चार बुडबुडे वर येतात. अर्जुनी मोरगावकडे धानात वाढलेल्या माणसाला त्याचं नवल नसतं. इटलीत व्होल्टाने 1776 साली सरोवराचा गाळ काठीने ढवळून हाच वायू बाटलीत धरला होता. तो मिथेन.

जो मिथेन वर येतच नाही, त्याला चिखलात कोण खातं? त्याविषयीचा 2021 सालचा एक शोधनिबंध मी पुन्हा पुन्हा वाचतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या मोनाली रहाळकर आणि सहकाऱ्यांचा. विषय, भारतातल्या भातशेतांमधल्या मिथेनभक्षी जिवाणूंचं ‘कल्टिव्हेशन’. शेत कसायला आणि जिवाणू वाढवायला इंग्रजीत हा एकच शब्द. 1946 साली स्थापन झालेल्या मातृसंस्थेच्या नावातही तोच आहे. मराठीत ती ‘विज्ञानवर्धिनी’.

आणि निबंधातलं काम खरोखर कसण्याचंच आहे. भातखाचरातली (आमच्याकडे बांधी) माती पाण्यात कालवायची, दहापट पातळ करायची, पुन्हा दहापट, पुन्हा. बाटलीत हवा आणि मिथेन, खायला दुसरं काही नाही. मग वाट पाहायची. सर्वांत पातळ बाटलीतही जो उगवला, तो शेतात भरपूर असणार. घाईने वाढणारे पण संख्येने थोडे असलेले आधीच गळतात. मला या निबंधात सर्वांत सुंदर वाटतो तो हा धीर.

त्यातला एक जिवाणू म्हणजे मिथायलोक्युक्युमिस ओरायझी. ‘क्युक्युमिस’ म्हणजे काकडी, ‘ओरायझी’ म्हणजे धानाची. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, फुगीर पेशी पाहून ज्यांना काकडी आठवली, त्यांनी डोळे भरून पाहिलं असणार. नावातच आकार आला, अन्न आलं, घरही आलं.

अशा जिवाणूच्या पोटात एक चक्र फिरतं. मिथेनचा आधी मिथेनॉल होतो, मग फॉर्मल्डिहाइड. तो साठला तर पेशीला विषच. म्हणून पाच कार्बनची एक साखर त्याला लगेच धरते आणि सहा कार्बनची होते. असे तीन रेणू आत आले की तीन कार्बन वाढीसाठी मोकळे होतात, आणि पाच कार्बनच्या साखरेचे तिन्ही रेणू पुन्हा जसेच्या तसे उभे राहतात. पीक घरात आलं की आधी बियाण्याचं पोतं बाजूला ठेवतात, तसंच हे. तेवढं राखलं नाही तर पुढचा फेरा नाही.

पण या चक्राला प्राणवायू लागतो, आणि बांधीत तर पाणी तुंबलेलं. तो धानच आणून देतो, आपल्या पोकळ्यांमधून थेट मुळापर्यंत. त्याच वाटेने बराचसा मिथेन वर निसटतोही. रोवणीनंतर महिन्याभराने एखादं रोप उपटून मुळं धुऊन पाहा. त्यांवर गंजासारखा तांबूस थर दिसतो. प्राणवायू इथवर पोचला आणि चिखलातल्या लोखंडाला लागला, त्याची ती खूण. मिथेन आणि प्राणवायू एकमेकांना भेटतात ते त्याच केसभर जागेत.