‘टेक’ आणि ‘घेणे’ : एका समीकरणाची तपासणी

परभाषेतील कठीण शब्दांनी भाषांतरकाराची जेवढी फसगत होते, त्याहून अधिक सोप्या शब्दांनी होते. एखादी तत्त्वज्ञानातील किंवा कायद्यातील संज्ञा समोर आली की तो सावध होतो, कोश उघडतो, चार पर्याय ताडून पाहतो. ‘टेक’, ‘गेट’, ‘रन’, ‘सेट’ यांसारखी क्रियापदे आली की मात्र कोशाकडे हात जात नाही, कारण त्यांचे अर्थ आपणांस शाळेपासून ठाऊक आहेत अशी त्याची समजूत असते. कोशकारांचा अनुभव नेमका उलट आहे. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ मधील दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद कोणत्याही पांडित्यपूर्ण शब्दाची नसून ‘सेट’ या चिमुकल्या शब्दाची होती. प्रस्तुत लेखात अशा क्रियापदांपैकी ‘टेक’ हे एक निवडले असून, त्याचा मराठी प्रतिशब्द म्हणून रूढ झालेल्या ‘घेणे’शी त्याचे नाते कितपत खरे आहे, याचा विचार केला आहे. हा विचार केवळ भाषांतराच्या सोयीचा नाही. या समीकरणाच्या आधारे मराठीत नित्य नवे वाक्प्रयोग शिरत आहेत. त्यांतील कोणते आपले म्हणावेत आणि कोणते परत पाठवावेत, हा प्रश्न मराठीच्या प्रत्येक अध्यापकापुढे आहे.

प्रथम दोन्ही क्रियापदांचे कूळ पाहू. ‘टेक’ हे क्रियापद मूळचे इंग्रजी नव्हे. स्कॅन्डिनेव्हियातून इंग्लंडात येऊन वसलेल्या लोकांच्या प्राचीन नॉर्स भाषेतील ‘ताका’ या धातूपासून ते इंग्रजीत आले. त्यापूर्वी या अर्थी ‘निमान’ हे क्रियापद होते. जर्मनमधील ‘नेमेन’ हे त्याचेच भावंड. नवागत ‘टेक’ने ‘निमान’ला हळूहळू व्यवहारातून घालविले. बधिर या अर्थाच्या ‘नम्’ या विशेषणात, म्हणजे ‘ज्याची संवेदना घेतली गेली आहे’ अशा अर्थी, त्याचा अवशेष तेवढा उरला. इंग्रजीने आपले एक अत्यंत नित्याचे क्रियापदच उसने घेतलेले आहे, ही गोष्ट भाषाशुद्धीच्या कोणत्याही चर्चेत विसरू नये अशी आहे. याउलट आपले ‘घेणे’ संस्कृत ‘ग्रह्’ धातूपासून, ‘गेण्हइ’ या प्राकृत रूपाच्या वाटेने, घरच्याच परंपरेने आलेले आहे.

ही दोन क्रियापदे एकमेकांसमोर उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकातील कोशांत आणि शालेय पाठांत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि त्याची विस्तृत दुसरी आवृत्ती १८५७ साली, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेच्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. मोल्सवर्थने आरंभिलेला व कॅंडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. कोशकार एका शब्दाचे अनेक अर्थ नोंदवितो. शिकणारा त्यांतील पहिला पाठ करतो. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारख्या पुस्तकांवर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. या शिक्षणपद्धतीत एका शब्दासमोर एक शब्द मांडणे अपरिहार्यच होते. तेव्हा समीकरणाचा दोष कोशकाराला किंवा पाठमालाकाराला देणे अन्यायाचे होईल. दोष आहे तो आरंभीच्या विद्यार्थ्यासाठी मांडलेली शिडी पुढेही सोडून न देण्याच्या आपल्या सवयीचा.

समीकरण कोठे मोडते? ‘घेणे’ या क्रियापदाला एक दिशा आहे. जे घ्यावयाचे ते कर्त्याकडे येते, किंवा क्रियेचे फळ कर्त्याकडे वळते. ‘लिहून घेणे’ आणि ‘लिहून देणे’, ‘समजून घेणे’ आणि ‘समजावून देणे’ या जोड्यांत सारा भेद या दिशेचा आहे. इंग्रजी ‘टेक’ची ही दिशा पुष्कळच पुसट झालेली आहे. पुस्तक हाती घेणे हेही ‘टेक’ आणि तेच पुस्तक गुरुजींकडे पोचविणे हेही ‘टेक’. मराठी मात्र दुसऱ्या ठिकाणी निश्चयाने ‘ने’ असे म्हणते, फार तर ‘घेऊन जा’ असे म्हणते. घेणे, नेणे आणि आणणे या तीन क्रियापदांनी मराठीने जी वाटणी केली आहे, ती ‘टेक’च्या एका छत्राखाली नाहीशी होते.

दिशेचा हा मुद्दा परीक्षेच्या उदाहरणात सर्वाधिक स्पष्ट होतो. मराठीत परीक्षक परीक्षा घेतो व विद्यार्थी ती देतो. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ करतो. ज्या उमेदवारांनी परीक्षा ‘टेक’ केली आहे त्यांच्याविषयीच्या इंग्रजी वाक्याचे ‘ज्या उमेदवारांनी परीक्षा घेतली आहे’ असे भाषांतर झाले, तर एका क्रियापदासरशी विद्यार्थी परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतो. गंमत अशी की, आपल्याकडील इंग्रजी बोलणारा विद्यार्थी अनेकदा परीक्षा ‘गिव्ह’ करतो असे म्हणतो. प्रभावाचा ओघ एकाच बाजूने वाहतो असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

आता शुद्धतावाद्यांच्या आक्षेपाकडे वळू. ‘निर्णय घेणे’, ‘पुढाकार घेणे’, ‘नोंद घेणे’, ‘काळजी घेणे’ हे सारे इंग्रजीची नक्कल असून त्याज्य आहेत, असे मत अधूनमधून ऐकू येते. ‘घेणे’च्या घरच्या संसाराकडे पाहिल्यास हा आक्षेप सरसकट टिकत नाही. मूर्त वस्तूवाचून केवळ नामाला आधार देण्यासाठी ‘घेणे’ योजण्याची रीत मराठीत इतकी विपुल आहे की तिला परकी म्हणणे कठीण आहे. आपण देवाचे नाव घेतो, दर्शन घेतो, वसा घेतो, सोंग घेतो, संन्यास घेतो. धाव, झेप, उडी आणि माघार घेतो. कानोसा, धसका, आढेवेढे घेतो आणि प्रसंगी एखाद्याचा खरपूस समाचारही घेतो. लग्नघरी नववधूला ‘नाव घे’ म्हटले जाते तेव्हा त्या दोन शब्दांत उखाण्याची सारी प्रथा सामावलेली असते. ज्या भाषेत माघार घेता येते तिच्यात पुढाकार घेण्यास व्याकरणाची कोणती हरकत असावी? निर्णय ‘करणे’ आणि ‘घेणे’ यांत तर उपयुक्त अर्थभेदही साधता येतो: निर्णय करणे म्हणजे वादाचा उलगडा करणे, निर्णय घेणे म्हणजे स्वतःवर तो बांधून घेणे. अशा ठिकाणी इंग्रजीच्या सहवासाने वाक्प्रयोगास चालना मिळाली असली तरी घर मराठीचेच आहे.

शासनव्यवहाराच्या मराठीनेही या बाबतीत बहुधा विवेक दाखविला आहे. नोंद आणि दखल ती ‘घेते’, परंतु ‘ॲक्शन’च्या ठिकाणी कार्यवाही ‘करते’, कार्यभार ‘स्वीकारते’ आणि नियम ‘अंमलात येतो’ असे म्हणते. एकाच ‘टेक’चे येथे चार निरनिराळे अनुवाद झाले आणि ते चारही योग्य आहेत. ‘टेक लीव्ह’चे तर प्रसंगपरत्वे रजा घेणे आणि निरोप घेणे असे दोन अर्थ होतात. येथे क्रियापद नव्हे, तर नामच दुहेरी आहे.

मग आक्षेप घ्यावा असे काही आहे की नाही? प्रस्तुत लेखकाच्या मते आहे, आणि ते वरील लोकप्रिय उदाहरणांत नसून एका साध्या दिसणाऱ्या प्रयोगात आहे: ‘वेळ घेणे’. इंग्रजीत प्रवास वेळ ‘टेक’ करतो. मराठीत प्रवासाला वेळ लागतो. बोरिवलीहून चर्चगेटला जाण्यास किती वेळ लागतो, हा उपनगरातील माणसाचा रोजचा प्रश्न. अलीकडे मात्र ‘ही गाडी किती वेळ घेते?’, ‘ही प्रक्रिया आठ दिवस घेते’ असे लिहिलेले व बोललेले आढळते. पुढील तीन वाक्ये पाहावीत. ‘मला दोन तास लागले.’ ‘मी दोन तास घेतले.’ ‘या कामाने दोन तास घेतले.’ पहिल्या वाक्यात काळ माणसाला येऊन लागतो. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, त्याच जातीचे हे लागणे. त्यात माणसाच्या इच्छेचा संबंध नाही. पण माणूस ‘मला’ या रूपाने वाक्यात हजर आहे. दुसऱ्या वाक्यात माणसाने हेतुपुरस्सर वेळ वापरला, सवड घेतली, कदाचित रेंगाळलाही. तिसऱ्यात काम हाच कर्ता झाला आणि ज्याचे दोन तास गेले तो माणूस वाक्यातून नाहीसा झाला.

येथे एक शंका रास्त आहे. निर्जीव कर्ता ‘घेतो’ असे मराठीत कधीच म्हणत नाहीत काय? म्हणतात. गंजीने पेट घेतला, रस्त्याने वळण घेतले, गाडीने वेग घेतला, ही सर्व वाक्ये निर्दोष आहेत. परंतु त्यांत होणारा बदल त्या वस्तूच्याच ठायी होतो. पेटते ती गंजीच, वळतो तो रस्ताच. निर्जीव कर्त्याचा दुसरा एक वर्गही आहे: साथीने बळी घेतला, पुराने प्राण घेतले. या वर्गात दुसऱ्याचे काही हिरावले जाते. ‘कामाने वेळ घेतला’ हे वाक्य पहिल्या वर्गात बसत नाही, कारण वेळ कामाचा नसून करणाऱ्याचा असतो. ते दुसऱ्याच वर्गात जाते, आणि म्हणून त्यात मूळचाच तक्रारीचा सूर आहे. ‘त्या खटल्याने त्यांची दहा वर्षे घेतली’ हे उत्तम मराठी आहे, कारण तेथे हिरावल्याचेच दुःख सांगावयाचे आहे. ‘ही गाडी पन्नास मिनिटे घेते’ हे मात्र सदोष, कारण तेथे केवळ मोजमाप अभिप्रेत आहे. दोन्ही ठिकाणी ‘घेणे’ वापरू लागलो, तर तक्रार करण्याचे एक साधन बोथट होईल आणि ‘लागणे’ने राखलेला अपरिहार्य व ऐच्छिक यांतील भेद मावळेल. एखादा विद्यार्थी प्रबंधाविषयी ‘मला पाच वर्षे लागली’ म्हणतो की ‘मी पाच वर्षे घेतली’ म्हणतो, यात त्याने केवळ शब्द निवडलेला नसतो. विलंबाची जबाबदारी कोणाकडे, हेही सांगितलेले असते.

नवे प्रयोग भाषेत कोणत्या फटीतून शिरतात, हे पाहण्यास उपनगरातील बोलणे सोयीचे आहे. ऑटोरिक्षा मुंबईत वांद्रे व शीव यांच्या पलीकडे, म्हणजे उपनगरांतच चालतात. जुन्या शहरात त्यांना मुभा नाही. अंधेरी किंवा मुलुंड येथे रिक्षात बसलेला प्रवासी ‘पुढे डावीकडे घ्या’ असेही म्हणतो आणि ‘पुढे लेफ्ट घ्या’ असेही म्हणतो. दोन्ही वाक्ये सारखीच वाटतात, परंतु पहिल्यात ‘रिक्षा’ हे कर्म अध्याहृत असून ‘डावीकडे’ हे क्रियाविशेषण आहे. ‘गाडी मागे घ्या’, ‘होडी कडेला घ्या’ या जुन्या प्रयोगांचेच ते रूप. दुसऱ्यात इंग्रजीप्रमाणे वळण हेच कर्म आहे. मराठीत जागा आधीच रिकामी होती, म्हणून पाहुणा सहज येऊन बसला, आणि तो कोणास टोचतही नाही.

याउलट ‘अंधेरीला मेट्रो घे आणि घाटकोपरला उतर’ हे वाक्य पाहावे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाली. हा प्रयोगही आता कानी पडतो. परंतु मराठीत वाहन ‘घेणे’ म्हणजे ते विकत घेणे. ‘त्याने गाडी घेतली’ हे ऐकताच आपण पेढे मागतो. प्रवासासाठी आपण गाडीने जातो, गाडी पकडतो किंवा धावत जाऊन ती गाठतो. तसेच ‘जागा घेणे’चे. मुलुंडला जागा घेतली म्हणजे घर विकत घेतले. एखाद्या सभेने मुलुंडला जागा घेतली असे कोणी लिहील तर सभेला कर्ज कोणी दिले असाच प्रश्न पडावा. येथे घरचा अर्थ इतका बळकट आहे की नकलेला टेकावयास भिंत मिळत नाही.

या विवेचनावरून तीन कसोट्या हाती येतात. नवा प्रयोग ‘घेणे’ची कर्त्याकडे वळणारी दिशा राखतो काय? ज्याचे काही जाते किंवा ज्याला काही लागते, तो माणूस वाक्यात उरतो काय? आणि रूढ अर्थाशी त्याची टक्कर होते काय? पुढाकार, नोंद आणि निर्णय या तिन्हींना उतरतात. परीक्षा पहिलीला, गाडीचा वेळ दुसरीला आणि मेट्रो तिसरीला अडखळते. उगम इंग्रजी आहे की नाही, ही चौथी कसोटी आम्ही मुद्दाम घातलेली नाही. ‘निमान’ टाकून ‘टेक’ स्वीकारल्याने इंग्रजी दरिद्री झाली असे म्हणता येत नाही. ती दरिद्री झाली असती, जर त्या बदलात एखादा आवश्यक भेद हरवला असता. मराठीच्या बाबतीत राखावयाचे आहेत ते असे भेद. म्हणून पदव्युत्तर वर्गात भाषांतर शिकविताना ‘टेक म्हणजे घेणे’ हे समीकरण विसरावयास लावण्यापेक्षा, त्याच्या शेजारी नेणे, लागणे, देणे, करणे, स्वीकारणे, पकडणे ही सारी क्रियापदे मांडून प्रत्येक वाक्यात कोण कोणाकडून काय घेतो, हे विद्यार्थ्यास विचारणे अधिक फलदायी होईल. या कामाला वेळ लागेल. तो अवश्य घ्यावा.