नसरीन मोहमदी : रेषेची तालीम

हुसेन, रझा, तय्यब मेहता ही नावे आपल्या घरांत पोहोचली आहेत. चित्रांना कोटींत किंमत आली की वर्तमानपत्रे ती पोहोचवतात. नसरीन मोहमदी हे नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. अलिबागजवळच्या किहीम गावात, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात, 14 मे 1990 रोजी त्यांनी शेवटचा श्वास घेतला. तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्याही आतबाहेरच होत्या. त्याची नोंद मराठीत, आणि मराठी मुसलमानांतही, फारशी झाली नाही. आमच्या अंकांत चित्रकलेला जागा मिळते ती मुखपृष्ठापुरती. त्यामुळे हा दोष आम्ही इतरांच्या माथी मारू शकत नाही.

नसरीन यांचा जन्म 1937 चा, कराचीचा. 1944 मध्ये कुटुंब मुंबईला आले. आईचे छत्र लहानपणीच हरपले होते. वडिलांचा व्यवसाय बहारीनमध्ये, तोही छायाचित्रणाच्या सामानाचा. कॅमेरा या मुलीच्या हाती अगदी सहज आला असणार. 1954 ते 1957 ही वर्षे त्यांनी लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत काढली. पुढे 1961 ते 1963 पॅरिसला शिकल्या. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना त्यांना वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या ज्येष्ठांचा सहवास मिळाला. मुलींना मॅट्रिकच्या पुढे पाठवावे की नाही यावर आपल्या मोहल्ल्यांत खल चालू असतानाचा हा काळ आहे. नसरीन सुखवस्तू घरातल्या होत्या, हे मान्य. पण पैशाने परदेशातली शाळा मिळते, नजर मिळत नाही.

1972 पासून अखेरपर्यंत त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखेत शिकवत राहिल्या. या विद्याशाखेचे मराठीशी जुने नाते आहे. 1950 मध्ये ती सुरू झाली तेव्हा चित्रकला विभाग उभा करणाऱ्यांत ना. श्री. बेंद्रे होते. नसरीन तिथे गेल्या तेव्हा मात्र बडोद्याची हवा माणसांच्या चित्रांची होऊ लागली होती. गुलाममोहम्मद शेख, भूपेन खक्कर ही मंडळी रस्ता, दुकान, शेजारी, स्वतःचे चरित्र चित्रांत आणत होती. 1981 च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनाने त्या विचाराला नावच दिले. त्याच आवारात नसरीन कागदावर शाई आणि पेन्सिलीने नुसत्या रेषा ओढत होत्या. जेराम पटेलांसारखा एखादा सोडला, तर अमूर्ताच्या वाटेवर सोबत कमीच. तरीही सहकाऱ्यांचा स्नेह आणि विद्यार्थ्यांचा आदर त्यांना मिळाला. आपल्यासारखी चित्रे काढणारे शागीर्द त्यांनी तयार केले नाहीत. उस्तादाची ही कसोटी आम्हाला मोठी वाटते.

आता चित्रांविषयी. सुरुवातीच्या जलरंगांत आणि तैलरंगांत झाड, किनारा, वाळू यांच्या पुसट खुणा सापडतात. सत्तरीच्या आरंभी त्या खुणा विरून जाळी येते : आडव्या-उभ्या, बारीक, मोजून ओढलेल्या रेषा. त्यासाठी त्या वास्तुविशारदाची आखणीची साधने वापरत. पुढे जाळीही सुटते. तिरक्या रेषा, चाप, कागदावर तरंगणारे कोन उरतात. बहुतेक चित्रांना शीर्षक नाही, तारीख नाही. याच्या जोडीला छायाचित्रे आहेत : फत्तेपूर सिक्रीचे दगड, मागावरचे ताणलेले धागे, रस्त्यावरचे पट्टे, ओहोटीने वाळूवर सोडलेल्या खुणा. ही छायाचित्रे त्यांनी हयातीत प्रदर्शनात मांडली नाहीत. आणि रोजनिश्या आहेत. त्यांच्या पानांवरच्या ओळी काळ्या पट्ट्यांनी झाकत गेल्यामुळे लिहिलेले पानच चित्र बनले.

समीक्षक या कामाला दोन खुंट्यांवर टांगतात. एक खुंटी इस्लामी नक्षीची : मुसलमान बाई, भौमितिक रेषा, म्हणजे मशिदीची जाळी. आम्हाला हे सोपे उत्तर पटत नाही. नक्षी आकृतीची पुनरावृत्ती करत पृष्ठभाग भरते आणि तोल सांभाळते. नसरीनची रेषा मधेच थांबते, पातळ होते, कागद रिकामा सोडते, तोल एका बाजूला कलू देते. फत्तेपूर सिक्री त्यांनी पाहिली ती दगडावरच्या सावलीसाठीही. दुसरी खुंटी पाश्चात्त्य. अमेरिकेच्या अ‍ॅग्नेस मार्टिन यांच्याशी तुलना. साम्य आहेच. पण मार्टिन यांच्या रेषा शांत बसतात, नसरीनच्या धावतात. आडनाव पाहून वाचणे आणि परदेशी दाखला पाहून वाचणे, दोन्हींत चित्राकडे पाहायचे राहून जाते.

एक प्रश्न आम्ही टाळणार नाही. आमची साहित्य चळवळ बांधिलकी मागते. नसरीनचे बंधू अल्ताफ मोहमदी हेही चित्रकार. ते डाव्या चळवळीत वावरले, शहर आणि माणूस त्यांच्या चित्रांत आला. बहिणीच्या कागदावर ना दंगल आहे, ना तलाक, ना गरिबी. मग या रेषांचा आम्हाला काय उपयोग? आम्हीही बराच काळ असेच विचारत होतो. आज वाटते, प्रश्नच अपुरा होता. स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या घरात, स्वतः ठरवलेल्या शिस्तीने एक मुस्लिम स्त्री आयुष्यभर एकच काम करते आणि त्यासाठी कुणाची इजाजत मागत नाही, हे घोषणेपेक्षा कमी नाही. शिवाय शेवटच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजाराने हातांवरचा ताबा सुटत चालला होता. त्याच वर्षांतल्या रेषा सर्वांत नेमक्या आहेत. रेषा सरळ येणे ही तेव्हा शैली राहिली नव्हती, रोजची झुंज होती.

तक्रार एकच. शीर्षक आणि तारीख नाकारून त्यांनी अभ्यासकाची वाट अवघड केली, आणि सामान्य प्रेक्षकाला तर उंबरठ्यावरच थांबवले. ही अलिप्तता त्यांच्या कलेचे बळ आहे आणि मर्यादाही.

जगाने त्यांना उशिरा ओळखले. 2007 मध्ये कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. 2013 मध्ये दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयात मोठे प्रदर्शन झाले, आणि 2016 मध्ये न्यूयॉर्कचे मेट ब्रॉयर उघडले ते ज्या प्रदर्शनांनी, त्यांत एक नसरीन यांचे होते. किहीमहून न्यूयॉर्कला पोहोचलेल्या या रेषा किहीमहून महाड, मिरज, मालेगावला अजून पोहोचायच्या आहेत. आपल्या घरातली एखादी मुलगी वहीच्या मागच्या पानावर नुसत्या रेघोट्या ओढत असेल, तर ‘हे काय काढलेस?’ असे विचारण्याआधी थोडे थांबावे, एवढे तरी नसरीन यांच्याकडून आम्ही शिकलो आहोत.