‘लोकानुनय’ : एका प्रतिशब्दाची मर्यादा

‘पॉप्युलिझम’ला मराठीत आपण ‘लोकानुनय’ म्हणतो. अनुनय म्हणजे मनधरणी. त्यामुळे लोकांना हवे ते वाटत सुटणारा नेता डोळ्यांसमोर येतो. परराष्ट्र धोरणाच्या चर्चेत हा प्रतिशब्द दिशाभूल करतो, असे माझे मत आहे.

यान-वेर्नर म्युलर या जर्मन अभ्यासकाने २०१६ मध्ये या राजकारणाचे मर्म वेगळ्या जागी दाखवले. खऱ्या लोकांचे प्रतिनिधी फक्त आम्हीच, हा त्यातला दावा. ही मनधरणी कसली? ही ‘लोक’ या शब्दावरची मक्तेदारी आहे.

ब्रेक्झिट पाहा. २३ जून २०१६च्या सार्वमतात ५१.९ टक्के मते युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने पडली. नायजेल फराज यांनी हा ‘खऱ्या माणसांचा’ विजय ठरवला. मग उरलेले ४८.१ टक्के कोण? स्कॉटलंडने ६२ टक्के, तर उत्तर आयर्लंडने सुमारे ५६ टक्के मतांनी संघात राहण्याचा कौल दिला होता.

किंमत दिसली ती आयर्लंडच्या सीमेवर. १९९८च्या गुड फ्रायडे करारानंतर ही सीमा जवळजवळ अदृश्य झाली होती. आता तीच युरोपीय संघाची हद्द होणार होती. मालाची तपासणी जमिनीवर करायची की समुद्रमार्गावर, याचे उत्तर प्रचाराच्या घोषणांत नव्हते. बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने २०१९ मध्ये दुसरा पर्याय स्वीकारून करार केला. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनीच त्या कराराला बगल देणारे विधेयक आणले. त्याने आंतरराष्ट्रीय कायद्याचा मर्यादित भंग होईल, अशी कबुली मंत्री ब्रँडन लुईस यांनी संसदेत दिली. वादग्रस्त कलमे पुढे मागे घ्यावी लागली. तोडगा २०२३च्या विंडसर आराखड्यातून, म्हणजे पुन्हा वाटाघाटींतूनच निघाला.

लोकशाहीत जनतेने परराष्ट्र धोरण बदलू नये काय? अवश्य बदलावे. ब्रुसेल्सचा कारभार आपल्यापासून दूर आहे, ही अनेक मतदारांची तक्रार खोटी नव्हती. माझा आक्षेप संघ सोडण्याला नाही. करारावर दुसरी सही असते आणि त्या सहीमागेही मतदार असतात. डब्लिनमध्येही लोकच राहतात. आपल्याच देशातली निम्मी माणसे ज्या हिशेबात बसत नाहीत, त्यात परक्यांना दिलेला शब्द कसा बसावा?

मराठीत ‘लोक’ हा शब्द बहुवचनी चालतो. ‘लोक म्हणतो’ असे आपण म्हणत नाही. प्रतिशब्द शोधताना आपल्या व्याकरणाने जपलेले हे शहाणपण निसटू नये.