अंगुलिमालाचा आचार्य : एक दुर्लक्षित पात्र

मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्ताची कथा आपल्या समाजात जितकी सांगितली जाते तितकी अन्य कोणत्याही सुत्ताची क्वचितच सांगितली जात असेल. बुद्ध पौर्णिमा असो, वर्षावासातील प्रवचनमाला असो वा रविवारचा बालवर्ग असो, बोटांची माळ घातलेला तो क्रूर पुरुष आणि त्याच्यासमोर शांतपणे चालणारे तथागत हे चित्र मुलांच्या मनावर प्रथम बिंबते. वरणगाव येथील विहारात मुलांनी याच कथेची नाटिका बसविली, तेव्हा तालमीत एका मुलीने विचारले, "हा माणूस लोकांना का मारत होता?" तिला उत्तर मिळाले, "तो दुष्ट होता." मुलगी गप्प बसली आणि तालीम पुढे चालू झाली.

ते उत्तर प्रस्तुत लेखकानेच दिले होते. ते चुकीचे होते, आणि पाली शिकविण्यात आयुष्य घालविणाऱ्याला ते चुकीचे आहे हे ठाऊक असावयास हवे होते. त्या नाटिकेत राजा पसेनदी होता, घोडेस्वार होते, प्रसूतिवेदनांनी तळमळणारी स्त्री होती. नव्हता तो फक्त आचार्य. या लेखात त्या गैरहजर पात्राचा विचार करावयाचा आहे. कारण मुलांना धर्म शिकवावा कसा, आणि धर्मशिक्षणातून हिंसा कोणत्या वाटेने जन्म घेते, या आजच्या प्रश्नाची किल्ली त्या पात्रापाशी आहे.

सुत्त आणि अट्ठकथा

मूळ सुत्तात आचार्य नाही. तेथे अंगुलिमाल प्रथम दिसतो तो गावेच्या गावे ओस पाडणारा दरोडेखोर म्हणूनच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही पतितांच्या व गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेच्या भागात तो याच रूपात येतो. सुत्ताचा रोख माणूस बदलू शकतो हे दाखविण्याकडे आहे. तो तसा का झाला याचा शोध घेण्याकडे नाही.

हा शोध घेतला तो अट्ठकथाकारांनी. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी सिंहलद्वीपात सिद्ध केलेल्या 'पपञ्चसूदनी'मध्ये ही पूर्वकथा येते. कोसलराजाच्या पुरोहिताला मुलगा होतो. त्याचे नाव ठेवतात अहिंसक. तो तक्षशिलेला शिकावयास जातो व आज्ञाधारकपणात आणि बुद्धीत सर्वांच्या पुढे जातो. सहाध्यायी मत्सराने आचार्याचे कान भरतात. आपल्या पत्नीशी शिष्याचा संबंध आहे अशा संशयाने आचार्य त्याचा नाश करावयाचे ठरवितो; पण शिष्याला उघडपणे मारले तर पुढे कोणी शिकावयास येणार नाही, हाही हिशोब तो करतो. म्हणून तो शिष्याला सहस्र माणसे मारून येण्यास सांगतो. ही गुरुदक्षिणा होय.

या ठिकाणी अट्ठकथेत एक वाक्य आहे, ज्याकडे आपल्या कथाकारांचे लक्ष जात नाही. मुलगा लगेच निघत नाही. आम्ही इजा न करणाऱ्या कुळात जन्मलो, हे माझ्याने होणार नाही, असे तो म्हणतो. त्यावर आचार्याचे उत्तर असे की, दक्षिणा दिल्यावाचून विद्या फळ देत नाही. एवढ्यावर आक्षेप मिटतो. नावाने आणि कुळाने अहिंसक असलेला विद्यार्थी विद्येचे फळ बुडेल या भयाने अरण्याची वाट धरतो. मारता मारता त्याच्या मनात मोजणीही राहत नाही, म्हणून तो बोटे कापून ठेवू लागतो. ती हरवतात, म्हणून त्यांची माळ करतो. ज्या माळेला आपण क्रौर्याचे चिन्ह मानतो ती अट्ठकथेच्या मते एका विद्यार्थ्याची हिशोबाची वही होती.

अट्ठकथा म्हणजे इतिहास नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. रिचर्ड गॉम्ब्रिच यांनी १९९६ साली याच पात्रावर वेगळा तर्क मांडला; त्यांच्या मते अंगुलिमाल हा दैवताला दिलेला शब्द पुरा करणारा एखादा तांत्रिक साधक असावा. तो तर्क सर्वांना मान्य झालेला नाही. परंतु दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. हत्या करणारा स्वतःच्या दृष्टीने पाप करीत नाही, कर्तव्य पार पाडीत असतो. दुष्टपणाने त्याचा उलगडा होत नाही. उलगडा होतो तो शिकवणुकीने.

दोन आक्षेप

आता सुत्ताच्या उत्तरार्धाकडे पाहू. भिक्षू झालेल्या अंगुलिमालाला भिक्षाटनात एक स्त्री प्रसूतीत अडलेली दिसते. तो तथागतांना सांगतो. तथागत त्याला सांगतात की, जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कोणाचा जीव घेतलेला नाही, या सत्याने तुझे कल्याण होवो, असे तिला जाऊन सांग. अंगुलिमाल थांबतो. हे तर जाणूनबुजून खोटे बोलणे होईल, असे तो म्हणतो. तेव्हा तथागत वाक्य बदलतात : आर्य जन्माने जन्मल्यापासून, असे म्हण.

बहुतेक वाचक हा प्रसंग सत्यक्रियेचा चमत्कार म्हणून वाचतात. अट्ठकथेतील पूर्वकथेशेजारी ठेवून वाचला तर तो वेगळा दिसतो. या माणसाच्या आयुष्यात दोन गुरू आले. दोघांनीही आज्ञा दिली आणि दोन्ही वेळा शिष्याने आक्षेप घेतला. पहिल्याने फळाचे भय घालून आक्षेप दाबला. शिष्य मारेकरी झाला. दुसऱ्याने आक्षेप ऐकून स्वतःचे वाक्य सुधारले. शिष्य माणूस झाला. एरवी भगवान बुद्धांना शिष्याकडून दुरुस्तीची गरज होती असे कोणी म्हणणार नाही. पण आपल्या शब्दापुढे न झुकणारी सद्सद्विवेकबुद्धी त्या शिष्यात पुन्हा जागी झाली आहे की नाही, हे त्यांना पाहावयाचे असावे, असे मला वाटते.

धर्मशिक्षण आणि मतारोपण यांतील सीमारेषा येथे आहे. पाठांतर हा दोष नव्हे. वंदना, विधी, वेश हेही दोष नव्हेत. कोट्यवधी मुले मदरशात, पाठशाळेत, चर्चच्या रविवारच्या वर्गात आणि आपल्या विहारांत पाठांतर करतात व शांतपणे संसाराला लागतात. कोणत्याही एका समाजाच्या शाळेकडे बोट दाखवून तेथे दहशतवादी तयार होतात असे सरसकट म्हणणे हा अन्याय आहे, आणि बहिष्काराचा अनुभव असलेल्या समाजाने तरी तो करू नये. धोका सुरू होतो तो मुलाचा "हे माझ्याने होणार नाही" हा शब्द पाप ठरविला जातो तेथे.

आचार्य कुठे आहे?

अट्ठकथेत राजाचे सैन्य अंगुलिमालाच्या शोधात निघते. आचार्याकडे कोणी जात नाही. हा अन्याय प्राचीन काळापुरता राहिलेला नाही.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर चाल करून आलेल्या दहा तरुणांनी १६६ जणांचे बळी घेतले. जिवंत सापडलेला अजमल कसाब तेव्हा एकवीस वर्षांचा होता. शाळा त्याने चौथीतच सोडली होती. त्याच्या जबाबावरून दिसते की शस्त्रांच्या प्रशिक्षणाआधी त्याला धार्मिक शिक्षणाच्या वर्गातून जावे लागले. आधी मन, मग बंदूक, हा क्रम होता. हल्ला चालू असताना सीमेपलीकडून दूरध्वनीवर आज्ञा देणारे आवाज ध्वनिमुद्रित झाले. त्या आवाजांत धर्माची भाषा होती, मरणानंतरच्या फळाचे आश्वासन होते. तक्षशिलेच्या आचार्याचे तर्कशास्त्र याहून निराळे नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबची फाशी कायम केली व २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्यातील येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली. दूरध्वनीवरील बहुतेक आवाज मात्र भारतीय न्यायालयाच्या पिंजऱ्यात कधीच उभे राहिले नाहीत.

दुसरे उदाहरण दुसऱ्या धर्माच्या नावाने घडलेले, आणि आपल्याच पुण्यातील आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि अन्य तिघांची मुक्तता केली. या दोघांमागचे खरे सूत्रधार दुसरेच आहेत व तपास यंत्रणांना त्यांच्यापर्यंत पोचता आले नाही, अशा आशयाचे निरीक्षण न्यायालयाने नोंदविले. ज्याने आयुष्यभर मुलांना "का?" असे विचारावयास शिकविले, त्याला मारणारे हात सापडले, त्या हातांमागची बुद्धी सापडली नाही.

वरणगावात राहणाऱ्याला यातील विसंगती अधिक बोचते. १९६४ साली सुरू झालेल्या येथील आयुध निर्माणीत काडतुसे तयार होतात आणि गावातील पुष्कळ घरांची चूल त्यावर पेटते. काडतुसांची तुकडी क्रमांकाने ओळखली जाते, तिचा हिशोब ठेवला जातो. ज्या मनातून चाप ओढण्याची आज्ञा निघते, ते मन कोणी, कोठे, किती वर्षांत घडविले याची नोंद मात्र कोणत्याही नोंदवहीत नसते.

आपल्या घरातील मडके

येथपर्यंत वाचून आपल्यापैकी काहींना समाधान वाटेल की, हे इतरांचे झाले; आपला धम्म अहिंसेचा आहे. ते समाधान टिकणारे नाही. ज्या सिंहलद्वीपात 'पपञ्चसूदनी' लिहिली गेली, त्याच द्वीपातील 'महावंस' या ग्रंथाच्या पंचविसाव्या परिच्छेदात दुट्ठगामणी राजाची कथा आहे. युद्धातील संहाराने तो अस्वस्थ होतो, तेव्हा अर्हत येऊन त्याचे सांत्वन करतात : मेलेल्यांत माणसे दीडच होती. एकाने त्रिशरण घेतले होते, दुसऱ्याने पंचशीलही. उरलेले पशूंसारखे मिथ्यादृष्टी होते. राजाच्या मनात उमटलेला आक्षेप येथे अर्हतांच्या तोंडून दाबला जातो. मूळ निकायांत ज्याला कसलाही आधार नाही असे हे वचन धर्मग्रंथाच्या प्रतिष्ठेने पिढ्यानपिढ्या पुढे गेले.

श्रीलंकेचे पंतप्रधान बंडारनायके यांच्यावर २५ सप्टेंबर १९५९ रोजी गोळ्या झाडणारा चीवरधारी होता. मार्च २०१३ मध्ये म्यानमारमधील मैक्तिला येथे मदरशातील विद्यार्थी व शिक्षक जमावाकडून मारले गेले, तो जमाव बौद्ध म्हणविणाऱ्यांचा होता. चीवर अंगावर आहे म्हणून आचार्य तक्षशिलेचा नाही, असे समजण्याचे कारण नाही.

आपल्या बालवर्गांत अशी हिंसा शिकविली जात नाही, हे खरे. परंतु "बाबासाहेबांनी सांगितले, विषय संपला" हे वाक्य आपण मुलांना किती वेळा ऐकवितो? अन्यायाचा इतिहास शिकविणे आवश्यक आहे. पण तो शिकविताना शेजारच्या घरातील मुलाला जन्माने शत्रू म्हणून उभे करणे ही निराळी गोष्ट आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा करणाऱ्या बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी अभ्यास केला, पारखले, नाकारले, मग स्वीकारले. ती एकवीस वर्षे गाळून केवळ निष्कर्ष मुलाच्या तोंडी घालणे हा बाबासाहेबांचा वारसा नव्हे.

राहुलाचा आरसा

लहान मुलाला धम्म कसा सांगावा याचा नमुना खुद्द तथागतांनी घालून दिला आहे. अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्तातील राहुल अट्ठकथेच्या मते सात वर्षांचा आहे. वडील भांड्यात उरलेल्या थोड्या पाण्याकडे बोट दाखवितात, भांडे पालथे करतात, मग विचारतात : आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे मुलगा म्हणतो. त्याप्रमाणे कृती करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर पाहावे, की तिने मला, दुसऱ्याला वा दोघांना पीडा होते काय. होत असेल तर ती सोडावी. येथे गुरूची आज्ञा हे कृतीचे प्रमाण नाही, दुसऱ्याची पीडा हे प्रमाण आहे. अहिंसकाच्या हाती असा आरसा असता तर आचार्याच्या भयाला त्याने उत्तर दिले असते.

विनयातही ही काळजी दिसते. राहुलाच्या प्रव्रज्येने व्यथित झालेल्या शुद्धोदनाच्या विनंतीवरून आईवडिलांच्या संमतीवाचून मुलाला प्रव्रज्या न देण्याचा नियम झाला. बाबासाहेबांनी घडविलेल्या संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये, राज्याची मान्यता वा साहाय्य असलेल्या शिक्षणसंस्थेत अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणास बसविता येणार नाही, असे म्हटले आहे. दोन्हींमागील जाणीव एकच : मुलाचे मन ही कोणाही आचार्याची मोकळी जमीन नव्हे.

म्हणून सूचना एवढीच की अंगुलिमालाची नाटिका पुढे बसविताना आचार्याला रंगमंचावर आणावे. अहिंसकाचा आक्षेप मुलांना ऐकू यावा, आणि भिक्षू अंगुलिमालाचा आक्षेपही ऐकू यावा. एका गुरूने काय केले व दुसऱ्याने काय केले, याचा निवाडा मुलांनी करावा. आणि शिकविणाऱ्याच्या वाक्याला एखाद्या मुलाने हरकत घेतली, तर शिकविणाऱ्याने आधी आपले वाक्य तपासावे.

त्या मुलीला मी पुढच्या रविवारी अट्ठकथेतील हकिकत सांगितली. तिने विचारले, "मग त्या गुरूला कोणी पकडले का?" अट्ठकथेत याचे उत्तर नाही, असे मी सांगितले. ते उत्तर आपल्या काळाला द्यावयाचे आहे.