संगणक म्हणजे काय?

अ‍ॅपल कंपनीची २०१७ सालची आयपॅड प्रोची जाहिरात आठवते? एक मुलगी दिवसभर टॅबलेट घेऊन हिंडते. शेजारून प्रश्न येतो, संगणकावर काय करते आहेस? ती उलट विचारते, संगणक म्हणजे काय?

जाहिरात चटपटीत आहे, पण आपल्याला खटकावी अशी. टॅबलेट हाही संगणकच! २०२१ च्या आयपॅड प्रोमध्ये तर त्याच कंपनीच्या लॅपटॉपमधली एम १ चिप होती. तरीही त्या लॅपटॉपचे प्रोग्रॅम त्यावर चालत नाहीत. काय चालू द्यायचं ते कंपनी ठरवते. वाचायला, प्रयोगाचं चित्रण करायला टॅबलेट उत्तम. निकालपत्रक करायला मात्र मी शेवटी लॅपटॉपच उघडतो.

मुलीनं विचारलेला प्रश्न खरं तर फार चांगला आहे. जाहिरातीत त्याचं उत्तर कुणीच देत नाही.