पाडस आणि कणगी

राम पटवर्धन यांच्या ‘पाडस’वर मराठी वाचकाने जेवढे प्रेम केले तेवढे फार थोड्या अनुवादांच्या वाट्याला आले आहे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची ‘द यर्लिंग’ ही कादंबरी १९३८ साली प्रसिद्ध झाली आणि १९३९ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ती मराठीत आणणारा माणूस ‘सत्यकथे’चा संपादक होता, ही गोष्ट अनुवादाच्या पानापानांवर जाणवते. परभाषेतील वाक्याचा सांधा कोठे करकरत नाही. या भाषेविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुस्तकाविषयी आपल्याकडे रूढ झालेल्या समजुतीविषयी. एका मुलाने पोरक्या हरिणाच्या पिलाला लळा लावला, आणि निष्ठुर परिस्थितीने ते हिरावून घेतले, अशी ही करुणकथा आहे असे मानले जाते. मला वाटते, हे अर्धेच वाचन झाले. उरलेले अर्धे कणगीत आहे.

मी जळगाव जामोदला राहतो. उत्तरेला सातपुड्याची भिंत, दक्षिणेला पूर्णेकडे उतरत गेलेली काळी जमीन. पेरणी झाली, कोंब वर आले, की रानातून हरणे, रोही आणि डुकरे उतरतात, आणि ज्याच्या घरी माणूस आहे तो रात्री जागलीला जातो. आमच्याच तालुक्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटाभोवती धान्ये मांडून येत्या वर्षाचे भाकीत करतात. त्या भाकितावर विश्वास ठेवा अगर ठेवू नका; पण दाण्याकडे पाहण्याची ती नजर ओळखीची असली, म्हणजे ‘पाडस’ निराळे दिसू लागते.

काही वर्षांमागे आमच्या चार वाचकांच्या बैठकीत या पुस्तकावर बोलणे झाले. शेवटच्या प्रकरणांविषयी बोलताना एका शिक्षकांना पुढे बोलवेना. तेव्हा मागे बसलेले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “ते समदं खरं हाय गुरुजी, पन मंग त्या मक्याचं काय झालं? ते तर कोनी सांगूनच नाही राहिलं.” मंडळी हसली. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. त्या दिवशी पुस्तकाला धरून एवढा एकच प्रश्न विचारला गेला.

रॉलिंग्जबाई मक्याचा हिशेब फार काळजीपूर्वक मांडतात. फ्लॉरिडाच्या खुरट्या रानात बॅक्स्टर कुटुंबाची एकुलती वस्ती आहे. पेनीला साप चावतो. विष ओढून काढण्यासाठी तो समोर दिसलेली हरिणी मारतो आणि तिचे काळीज दंशावर लावतो. तिचे पिलू मागे राहते. ते घरी आणावे असा हट्ट धरताना ज्योडीने पुढे केलेला युक्तिवाद ध्यानात ठेवण्यासारखा आहे: जिने जीव देऊन बापाला वाचविले, तिचे पोर उपाशी मरू द्यायचे काय? म्हणजे पिलू घरात येते ते लाडापोटी नव्हे, ऋणापोटी. आणि आल्याबरोबर आईचा प्रश्न असतो दुधाचा. ज्योडी आपल्या वाट्याचे दूध देऊ करतो. पहिल्या दिवसापासून या वात्सल्याला माप लागलेले आहे.

पुढे लेखिका ते माप आवळीत नेते. वादळ आणि पूर येतात, पीक जाते. साथीने रानातील हरणे मरतात, शिकार दुर्मीळ होते. इतके झाल्यावर फ्लॅग वर्षाचा होतो आणि मक्याचे कोवळे कोंब खातो. ज्योडी पुन्हा पेरतो, कुंपण उंच करतो. फ्लॅग तेही ओलांडतो. खोड उपटताना शरीर मोडून अंथरुणाला खिळलेला बाप शेवटी त्याला मारण्यास सांगतो. या बापाला निष्ठुर म्हणणाऱ्या वाचकाने आपल्या घरी वर्षाचे धान्य कोठून येते हे एकदा मनाशी पाहावे. घर सोडून पळालेल्या ज्योडीला खरी भूक प्रथमच भेटते, आणि त्या भुकेतून त्याला बाप उमगतो. गोळी झाडण्याच्या प्रसंगावर आपण इतके खिळून राहतो, की त्यानंतरची ही उपासाची पाने घाईने उलटतो. माझ्या मते कादंबरीचा कस त्या पानांत आहे.

या अर्ध्या वाचनाला मराठी नावाचाही थोडा हातभार लागला असावा. ‘यर्लिंग’ म्हणजे वर्षाचे झालेले जनावर. ना पिलू, ना प्रौढ. गाईच्या बाबतीत आपल्याकडे वासरू, गोऱ्हा, कालवड असा वयाचा जिना आहे, हरणाच्या बाबतीत तो नाही. ‘पाडस’ हा शब्द गोड आहे, पण त्याचे वय वाढत नाही. मूळ नाव मुलालाही लागू पडते आणि जनावरालाही. दोघांच्याही बालपणाची मुदत संपली आहे असे ते बजावते. मराठी नाव मात्र शेवटच्या पानापर्यंत आपल्या डोळ्यांपुढे ठिपक्यांचे पिलूच उभे ठेवते. पटवर्धनांनी दुसरे काय करावयास हवे होते, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. कदाचित दुसरा शब्दच नसेल.

शिवाय आपल्या मनात आधीच दोन पाडसे बसलेली असतात. एक कण्वाच्या आश्रमातले. आई गेल्यावर शकुंतलेने मूठमूठ सावा भरवून ते वाढविले, दर्भाने तोंड चिरले तर इंगुदीचे, म्हणजे आपल्या हिंगणबेटाचे, तेल लावले. निघताना तेच तिचा पदर ओढते. दुसरे भागवतातल्या भरत राजाचे. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेली गाभण हरिणी गंडकीत उडी घेते आणि मरते. तिचे पिलू वाढविता वाढविता राजाचे तप सुटते आणि पुढचा जन्म हरणाचा येतो. कीर्तनकारांनी हा जडभरत घरोघर पोचविला. या दोन्ही कथांत प्रेम आहे, आसक्ती आहे, परंतु सावा कोणाच्या कोठारातला हे विचारणारे कोणी नाही. ‘पाडस’ त्या परंपरेत बसवून वाचले, की पेनी खलपुरुष ठरणारच.

मराठीत हा प्रश्न विचारणारे पुस्तक आहे, आणि ते अनुवादित नाही. विलास मनोहर यांचे ‘नेगल’ हेमलकशाच्या प्राण्यांविषयी आहे. १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यावर प्रकाश आमटे यांना माडिया शिकारी मारलेली माकडीण घेऊन जाताना दिसले. तिचे जिवंत पिलू तिला बिलगलेले होते. ती शिकार हौसेची नव्हती, पोटाची होती. आमट्यांनी उपदेश केला नाही. पिलाच्या बदल्यात तांदूळ देऊ केले, आणि पुढे अशी पोरकी पिले आणून द्या, धान्य घेऊन जा, असे सांगितले. त्यातून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले, बिबट्याची पिले माणसांच्या अंगाखांद्यावर वाढली. वाचक बिबट्याच्या छायाचित्रापाशी थबकतो. मी तांदळापाशी थबकतो. पेनीजवळ मक्याची दुसरी कणगी असती तर फ्लॅग जगला असता. हेमलकशाला ती होती, कारण प्रकल्पाचे धान्य बाहेरून येत होते. हे म्हणताना आमट्यांचे काम मी तिळभरही कमी लेखीत नाही. उलट, करुणेला पुरवठा लागतो हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले, यातच त्यांचे मोठेपण दिसते.

जॉय अॅडमसन यांच्या १९६० सालच्या ‘बॉर्न फ्री’मध्ये हा हिशेब जवळजवळ नाहीच. १९५६ साली केनियात त्यांच्या पतीने अंगावर आलेली सिंहीण मारली, तीन छावे मिळाले. दोन रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात गेले आणि एल्सा राहिली. पुस्तक सुंदर आहे, पण एल्साने कोणाच्या पेरणीवर पाय ठेवला नाही. पोरके करणारा हात आणि वाढविणारा हात एकाच घरातला, एवढे मात्र ‘पाडस’शी जुळते.

आज ज्योडीची गोष्ट आमच्या तालुक्यात तशीच घडणार नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने हरिणाचे पिलू घरी ठेवणे हा गुन्हा आहे, आणि पीक खाल्ले तर वनखात्याकडे पंचनाम्यासाठी अर्ज करावा लागतो. जाणकार आणखी एक गोष्ट सांगतात: गवतात एकटे निपचित बसलेले पाडस बहुधा पोरके नसतेच. आईने त्याला लपवून ठेवलेले असते, आणि ती पाजायला परत येते. जुन्नरकडे ऊसतोडीत बिबट्याची पिले सापडतात, तेव्हा त्यांना बाटलीने दूध पाजून वाढविण्याऐवजी पशुवैद्य तपासतात आणि अंधार पडल्यावर पेटीत घालून त्याच फडात ठेवतात. बहुतेक वेळा आई येते, पिलू तोंडात धरते आणि जाते. माणसे लांब, आवाज न करता उभी असतात. या रात्रीची कथा लिहावयाची तर लेखकाच्या हाताशी दुधाची वाटी नाही, पिलाला ठेवलेले नाव नाही, लळा नाही, शेवटची गोळीही नाही. आहे तो ज्याचा ऊस आहे तो माणूस, आणि उद्याची तोडणी.