'अंत्य' आणि 'अभ्यंग' : एका संस्कारनामाची चिकित्सा

रोमन कॅथलिक पंथाने मानलेल्या सात संस्कारांत आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार हा एक होय. अनेक शतके तो 'शेवटचे अभ्यंग' अशा अर्थाच्या लॅटिन नावाने ओळखला गेला. आज त्याचे अधिकृत नाव 'आजाऱ्यांचे अभ्यंग' असे आहे. हे नामांतर केवळ रुग्णाच्या भावना जपण्यासाठी झाले, अशी समजूत करून घेतल्यास मूळ प्रश्न नजरेआड होतो. येथे नावाने कृतीचा अर्थ बदलला आणि अर्थाने तिची वेळ बदलली. मराठीत या संस्काराला नाव देताना हा इतिहास ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

संस्काराला आधारभूत मानलेला उतारा नव्या करारातील याकोबाच्या पत्रात (५.१४-१५) आहे. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करून प्रभूच्या नावाने त्याला तेल लावावे, असा त्याचा आशय. यातील तीन ग्रीक क्रियापदे विचारार्ह आहेत. तेल लावण्यासाठी योजलेले 'अलेइफेइन' हे नित्य व्यवहारातले क्रियापद होय. अभिषेकासाठी ग्रीकमध्ये 'ख्रिएइन' हे निराळे क्रियापद असून 'ख्रिस्त' हा शब्द त्यापासूनच सिद्ध झाला आहे. हा भेद सर्वत्र काटेकोर नाही. हिब्रू धर्मग्रंथाच्या ग्रीक भाषांतरात याजकांच्या अभिषेकालाही 'अलेइफेइन' योजलेले आढळते. तथापि नव्या करारापुरता कल स्पष्ट आहे. उपवासाच्या दिवशी डोक्याला लावायचे तेल आणि रोग्याला लावायचे तेल या दोहोंना तेथे एकच घरगुती क्रियापद पुरते. दुसरे क्रियापद 'सोझेइन'. त्याचा अर्थ बरे करणे असाही होतो व तारणे असाही. तिसरे 'एगेइरेइन', म्हणजे उठविणे. ते अंथरुणावरून उठविण्याला लागू पडते, तसेच मृतांतून उठविण्यालाही.

लॅटिनमध्ये येताना पहिला भेद लोपला, कारण तेथे दोन्ही कृतींना एकच क्रियापद वापरले गेले. तिसऱ्या क्रियापदाची कथा अधिक उद्बोधक आहे. लॅटिन बायबलच्या चिकित्सक आवृत्तीतील पाठाचा अर्थ प्रामुख्याने 'उचलील' असा आहे; १५९२ च्या अधिकृत मुद्रित पाठात त्या जागी 'हलके करील' असे रूप आले. फरक एका स्वराचा. परंतु उठून उभा राहणारा रोगी त्या स्वरासरशी केवळ भार हलका झालेला रोगी झाला.

आरंभीच्या काळात या तेलाचा मृत्यूशी अनिवार्य संबंध नव्हता. इ. स. ४१६ मधील एका पत्रात पोप पहिला इनोसंट याने बिशपने आशीर्वादिलेले तेल सामान्य श्रद्धावंतांनीही स्वतःसाठी व आप्तांसाठी वापरावे, असे मानले आहे. पुढे हा विधी मृत्युशय्येवरील प्रायश्चित्ताशी जोडला गेला. बाराव्या शतकात पीटर लोम्बार्डने दिलेल्या सात संस्कारांच्या यादीत त्याला 'शेवटचे अभ्यंग' असेच नाव आहे. 'शेवटचे' म्हणजे बाप्तिस्मा, दृढीकरण इत्यादी प्रसंगांच्या अभ्यंगांनंतर क्रमाने येणारे, असाही एक अर्थ लावला जातो. अर्थ कोणताही असो, लोकव्यवहारात 'शेवटच्या घटकेचे' हाच रूढ झाला. परिणामी धर्मगुरूचे पाऊल घरात पडणे हीच मृत्यूची वर्दी ठरू लागली. रोगी भयभीत होईल म्हणून आप्त त्याला बोलावणे लांबणीवर टाकीत, आणि ज्याला धीर द्यायचा तो शुद्धीवर नसताना तेल लावले जाई.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये या प्रश्नाचा निर्णय केला, तोही एका क्रियाविशेषणाने. मसुद्यात हा संस्कार 'केवळ' मरणोन्मुखांसाठी असे होते. अंतिम पाठात 'केवळ'च्या जागी 'विशेषेकरून' आले. दार बंद झाले नाही, एवढेच. पुढील चार शतके व्यवहार मात्र मसुद्यातल्या 'केवळ'प्रमाणेच चालला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये 'आजाऱ्यांचे अभ्यंग' हे नाव अधिक योग्य ठरविले, आणि १९७२ मध्ये सहाव्या पॉलच्या संमतीने नवा विधी आला. जुन्या विधीत डोळे, कान, नाक, ओठ, हात व पाय यांना तेल लावून त्या त्या इंद्रियाच्या पापांची क्षमा मागितली जाई. नव्यात कपाळ व हात एवढ्यांनाच तेल लावतात, आणि मुख्य क्रियापद 'क्षमा करो' हे न राहता 'साहाय्य करो' हे झाले आहे. त्यामागोमाग याकोबाच्या पत्रातील 'तारणे' व 'उचलणे' ही क्रियापदे परतली आहेत. मरणोन्मुखाचा खास संस्कार म्हणून शेवटच्या कम्युनियनला स्थान मिळाले. त्याच्या लॅटिन नावाला 'शिदोरी' हा मराठी शब्द नेमका जुळतो. तेलाने आजाऱ्याला उठवावे, शिदोरीने प्रवाशाला निरोप द्यावा, अशी ही कामाची वाटणी होय.

आता मराठीकडे वळता येईल. लॅटिन नावाचे 'अंत्याभ्यंग' असे शब्दशः भाषांतर केल्यास दोष दुणावतो. अंत्यविधी, अंत्यसंस्कार, अंत्ययात्रा, अंत्येष्टी हे सारे सामासिक शब्द मृत्यूनंतरच्या क्रियांचे वाचक आहेत. लॅटिन नाव रोग्याला मृत्यूच्या उंबरठ्यावर नेते. मराठी 'अंत्य' त्याला उंबरठ्यापलीकडे लोटतो. उलट 'अभ्यंग' हा शब्द दिवाळीच्या पहाटेचा आणि आयुर्वेदातील दिनचर्येचा आहे. तो देहाच्या पुष्टीचा, जिवंतांचा शब्द आहे. एकाच समासात ही दोन पदे परस्परविरोधी दिशांना ओढतात.

याउपर, ग्रीकमधील जो दुहेरी अर्थ लॅटिनमध्ये डळमळला, तो मराठीत सहज टिकतो. 'दुखण्यातून उठला' आणि 'मेलेल्यांतून उठला' हे दोन्ही प्रयोग एकाच धातूचे. 'अभिषेक करणे' आणि 'तेल लावणे' हा भेदही मराठीला उपजत आहे.

'अभ्यंग' या शब्दावर आक्षेप संभवतो. सर्वांगाला तेल चोळणे हा त्याचा अर्थ, तर येथे कपाळ व हातांना नुसता स्पर्श होतो. आक्षेप रास्त आहे. परंतु तो प्रमाणाविषयीचा आहे, प्रयोजनाविषयीचा नाही. नव्या नावामुळे मृत्यू टळतो असेही नव्हे, आणि 'तारणे' या क्रियापदातील पारलौकिक अर्थ गाळून संस्काराला केवळ आरोग्यविधी करणे हेही तितकेच एकांगी ठरेल. म्हणून 'अंत्य' हे पद टाकून 'रुग्णाभ्यंग' यासारखे नाव स्वीकारणे अधिक सयुक्तिक होय. अशा नावाने बोलावणे धाडल्यास धर्मगुरू येईल तेव्हा रोगी जागा असेल, आणि आपल्या कपाळावरील बोटाचा स्पर्श त्याला कळेल.